हळुवार हातांचे डॉक्टर : शेव्हेलिअर जॅक्सन



आपल्या वार्तापत्राच्या या पानावर थोर व्यक्तींचा परिचय करून देण्याची प्रथा आहे. संत, समाजसुधारक, क्रांतिकारक यांची नावे आपल्या मुलांना पाठ असतात. या वेळी मात्र शालेय पुस्तकात सहसा न सापडणारे एक नाव निवडले आहे. ते नाव म्हणजे अमेरिकेतील डॉ. शेव्हेलिअर जॅक्सन. कान-नाक-घशाच्या आणि छातीच्या डॉक्टरांत आजही ते आदराने घेतले जाते.

लहान मूल शेंगदाणे खाता खाता हसते, त्याला ठसका लागतो आणि दाणा अन्ननलिकेत जाण्याऐवजी श्वासनळीत जातो. हा प्रसंग अनेक घरांनी अनुभवला असेल. कधी दाण्याऐवजी चिंचोका असतो, कधी सीताफळाची बी, कधी पेनाचे टोपण, तर कधी खेळण्यातली शिट्टी. अशा वेळी डॉक्टर तोंडावाटे श्वासनळीत नळी घालतात, आत उजेड पाडतात आणि अडकलेली वस्तू चिमट्याने बाहेर काढतात. याला ब्रॉन्कोस्कोपी म्हणतात. आपल्याकडे बोलताना लोक दुर्बिणीची तपासणी म्हणतात. ही तपासणी वस्तू काढण्यासाठी होते, रोग ओळखण्यासाठी होते आणि फुप्फुसांवरील संशोधनासाठीही होते.

आता विचार करा, ज्या वाटेने आपण श्वास घेतो त्याच वाटेत नळी घालायची! रुग्णाला त्रास होणार आणि थोडा धोकाही असणार. हा त्रास आणि हा धोका कमी कसा करावा, या प्रश्नासाठी जॅक्सन यांनी आपले आयुष्य वेचले.

बालपण व शिक्षण

जॅक्सन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८६५ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग येथे झाला. सुरत म्हटले की कापड आणि हिरे, तसे पिट्सबर्ग म्हटले की कोळसा आणि पोलाद. घरची परिस्थिती बेताची होती. शेव्हेलिअर अंगाने किरकोळ आणि स्वभावाने शांत. खाणींच्या त्या परिसरात शाळेतली दांडगट मुले त्याला फार छळत. एकदा तर त्याला कोळशाच्या पडीक खाणीत टाकून देण्यात आले होते. अंधारात, एकट्याने, मदतीची वाट पाहण्याचा अनुभव या मुलाला लहान वयातच मिळाला.

असा छळ सोसलेली काही मुले पुढे स्वतःच दांडगी होतात. शेव्हेलिअरच्या मनात मात्र दुबळ्या जिवांविषयी करुणा निर्माण झाली. मुक्या प्राण्यांना कोणी मारले तरी त्याला सहन होत नसे. आजारी माणसाला आणि लहान मुलाला आपल्या हातून उगाच दुखू नये, ही भावना त्यांच्या सर्व कामात पुढे दिसून येते.

त्यांना हातकामाची जन्मजात आवड होती. हत्यारे वापरणे, वस्तू घडवणे, चित्रे काढणे यात त्यांचा हात लहानपणापासून बसला. शिक्षणासाठी पैसे कमी पडत, तेव्हा त्यांनी काचेवर व मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवण्याचे काम करून शिक्षणाचा खर्च भागवला. दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने काम करण्याची सवय त्यांनी लावून घेतली. पुढे व्याख्यान देताना ते फळ्यावर दोन्ही हातांनी रंगीत खडूने चित्रे काढत.

पिट्सबर्ग येथील शिक्षण झाल्यावर ते फिलाडेल्फिया शहरातील जेफरसन मेडिकल कॉलेजात दाखल झाले आणि १८८६ साली डॉक्टर झाले. हे शहर आणि हे साल आपल्या मराठी वाचकांना ओळखीचे वाटेल. याच फिलाडेल्फियात, याच १८८६ साली, ११ मार्च रोजी आपल्या आनंदीबाई जोशी यांनी विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेतून डॉक्टरची पदवी घेतली. आनंदीबाईंचाही जन्म १८६५ सालचाच. एकाच वयाचे दोन विद्यार्थी, एक खाणींच्या गावचा आणि दुसरी सातासमुद्रापलीकडून आलेली, एकाच शहरात वैद्यक शिकत होते. आनंदीबाई मायदेशी परतल्या, पण क्षयरोगाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. हा क्षयरोग आणि ते विमेन्स कॉलेज, दोन्ही जॅक्सन यांच्या चरित्रात पुढे पुन्हा येणार आहेत.

नळी आणि दिवा

पदवीनंतर जॅक्सन लंडनला गेले आणि घशाच्या रोगांचे त्या काळचे प्रसिद्ध डॉक्टर मोरेल मॅकेन्झी यांचे काम त्यांनी पाहिले. अन्ननलिकेत डोकावण्याचे एक साधन तिथे होते, परंतु ते फारसे उपयोगाचे नव्हते. पिट्सबर्गला परतल्यावर त्यांनी कान-नाक-घशाचा दवाखाना सुरू केला आणि १८९० च्या सुमारास स्वतःची नळी तयार केली. तिच्या मदतीने अन्ननलिकेत अडकलेल्या वस्तू ते काढू लागले.

इथे त्यांच्या स्वभावाची खरी परीक्षा झाली. त्यांची नळी इतर डॉक्टरांच्या हाती गेली आणि सराव नसलेल्या हातांकडून रुग्णांना इजा झाल्याचे त्यांना कळले. दुसरा कोणी असता तर दोष वापरणाऱ्यांचा आहे असे म्हणून पुढे गेला असता. जॅक्सन यांनी हे मनावर घेतले. साधन चांगले असून भागत नाही, ते धरणारा हातही शिकलेला हवा, हे त्यांनी ओळखले. यापुढे नुसती नळी देण्याऐवजी नळी वापरण्याचे शिक्षण देणे, हे त्यांचे मुख्य काम झाले.

श्वासनळीतील तपासणीची सुरुवात जर्मनीत झाली. १८९७ साली फ्रायबर्ग येथील डॉ. गुस्ताव किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वासनलिकेत अडकलेले हाड नळीवाटे बाहेर काढले. त्यापूर्वी फुप्फुसाकडे वस्तू गेली की अनेकांना महिनोन्महिने न्यूमोनिया होऊन प्राण गमवावे लागत. किलियन यांना ब्रॉन्कोस्कोपीचे जनक मानतात. जॅक्सनही त्यांना गुरुस्थानी मानत आणि १९०७ साली त्यांनी लिहिलेला या विषयावरील ग्रंथ त्यांनी किलियन यांनाच अर्पण केला.

जॅक्सन यांनी या कामात महत्त्वाची भर घातली. पूर्वी प्रकाश बाहेरून नळीत टाकावा लागे. लांब अरुंद नळीच्या टोकापर्यंत तो नीट पोहोचत नसे. जॅक्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नळीच्या आतल्या टोकाशीच लहानसा विजेचा दिवा बसवला आणि आतला स्राव ओढून घेण्याची सोय केली. जिथे काम करायचे तिथेच उजेड आला. अंदाजाने चाचपडणे थांबले, म्हणजे इजा होण्याचे एक मोठे कारण दूर झाले.

त्रास आणि धोका

आता या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग पाहू. रुग्णाला त्रास होऊ नये म्हणून त्याला भूल द्यावी, हे कोणालाही सुचेल. परंतु त्या काळी भुलेसाठी ईथर किंवा क्लोरोफॉर्म वापरत. ज्या मुलाचा श्वास आधीच कोंडला आहे त्याला अशी भूल दिली, तर उरलासुरला श्वासही थांबण्याची भीती असे. घसा बधिर करण्यासाठी कोकेन लावत, पण लहान मुलाच्या शरीरात ते थोडे जास्त गेले तरी विषासारखे काम करी. म्हणजे त्रास कमी करण्याचे औषधच जिवावर उठण्याची शक्यता होती.

जॅक्सन यांनी निर्णय घेतला की लहान मुलांना ना भूल द्यायची, ना कोकेन. मुलाला चादरीत गुंडाळून ठेवत, एक सहायक त्याचे डोके योग्य स्थितीत धरून ठेवी आणि जॅक्सन थोड्याच वेळात काम संपवत. आज हे वाचताना आपल्याला कठोर वाटेल. आज सुरक्षित औषधे आहेत, प्रत्येक श्वासावर लक्ष ठेवणारी यंत्रे आहेत, म्हणून मुलांची अशी तपासणी पूर्ण भूल देऊनच केली जाते. जॅक्सन यांच्याजवळ हे काहीच नव्हते. मुलाला काही क्षण त्रास होईल पण जीव वाचेल, असा हिशेब त्यांनी केला. आणि मग तो काही क्षणांचा त्रासही कमी व्हावा म्हणून आपल्या हातांना असे वळण लावले की नळी ढकलावी लागू नये, ती आपोआप वाट काढत उतरावी. जोर लावणे त्यांच्या शिकवणीत जवळजवळ निषिद्ध होते.

त्यांची तयारी पाहून आश्चर्य वाटते. मुलाने गिळलेल्या वस्तूसारखीच दुसरी वस्तू ते मागवून घेत. ती नळीत घालून, निरनिराळे चिमटे लावून, कोणत्या बाजूने धरली तर ती आतल्या नाजूक त्वचेला न ओरबाडता बाहेर येईल, याचा सराव करत. क्ष-किरणांचे चित्र बारकाईने पाहत. सर्व हत्यारे ठरलेल्या क्रमाने मांडून ठेवत. उघडी सेफ्टी पिन हा सर्वांत अवघड प्रकार, कारण तिचे टोक वरच्या बाजूला असेल तर ओढताच ते रुतते. जॅक्सन यांनी पिन आतल्या आत बंद करण्याच्या युक्त्या आणि त्यासाठी खास हत्यारे तयार केली. शिकाऊ डॉक्टरांना ते आधी बाहुलीवर व नमुन्यांवर सराव करायला लावत. हात तयार झाल्याशिवाय रुग्णाला स्पर्श नाही, असा त्यांचा दंडक होता.

परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. तपासणीच्या मेजावरची काही मिनिटे सुरक्षित होत, ती त्याआधीच्या कित्येक तासांच्या सरावामुळे.

अशा रीतीने काढलेल्या वस्तू त्यांनी नोंदीसह जपून ठेवल्या. नाणी, बटणे, खिळे, दात, हाडे, खेळण्यांचे तुकडे, सेफ्टी पिना अशा २,३७४ वस्तूंचा हा संग्रह फिलाडेल्फियातील मटर संग्रहालयात आहे. इतर डॉक्टरांना शिकता यावे आणि पालकांना सावध करता यावे, हा त्यामागचा उद्देश होता.

पाण्याचा एक घोट

त्या काळी अमेरिकेत घरोघरी साबण करण्यासाठी व साफसफाईसाठी लाय नावाचा तीव्र क्षार ठेवलेला असे. कॉस्टिक सोडा म्हटले की सुरतच्या डाइंग-प्रिंटिंगच्या कारखान्यात काम करणाऱ्या आमच्या पालकांना तो कसा पदार्थ आहे हे वेगळे सांगायला नको. तो साखरेसारखा किंवा दुधासारखा दिसे, डब्यावर धोक्याची सूचना नसे आणि लहान मुले तोंडात घालत. अन्ननलिका भाजून निघे आणि जखम भरताना ती आकसून बंद होई. अशी मुले अन्नाला आणि पाण्यालाही मुकत.

अशीच एक सुमारे सात वर्षांची गरीब मुलगी जॅक्सन यांच्याकडे आली. तिच्या घशाखाली पाण्याचा थेंबही उतरत नव्हता. जॅक्सन यांनी नळी घालून आत अडकलेला गोळा बाहेर काढला आणि तिला पाणी दिले. तिने भीत भीत एक घोट घेतला, तो खाली उतरला. मग दुसरा घोट घेतला. आणि मग त्या मुलीने हळूच डॉक्टरांचा हात हातात घेऊन त्याचे चुंबन घेतले. हा प्रसंग ते आयुष्यभर विसरले नाहीत.

पण एकेक मूल बरे करून ते थांबले नाहीत. डब्यावर विष असल्याची सूचना आणि त्यावरचा उपाय छापलाच पाहिजे, असा कायदा व्हावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. उत्पादकांचा विरोध होता, तरी ते राज्या-राज्यांत पाठपुरावा करत राहिले. अखेर ४ मार्च १९२७ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांची सही होऊन फेडरल कॉस्टिक पॉयझन अॅक्ट अस्तित्वात आला. ज्या मुलांना नळीची गरजच पडली नाही, अशा असंख्य मुलांचे प्राण या एका कायद्याने वाचवले असतील.

आजारपण, अध्यापन आणि अखेर

१९११ साली जॅक्सन स्वतः क्षयरोगाने आजारी पडले. तेव्हा या रोगावर औषध नव्हते. अंथरुणावर पडून राहणे, चांगला आहार आणि मोकळी हवा एवढाच उपचार होता. हा आजार त्यांच्यावर पुन्हा उलटला. या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी लेखन केले. फुप्फुसाचा रोगी असणे म्हणजे काय, खोकल्याने रात्र कशी जाते, हे त्यांना आता पुस्तकातून वाचण्याची गरज राहिली नाही. दारू व तंबाखू यांपासून ते कायम दूर राहिले.

१९१६ साली ते फिलाडेल्फियात परतले आणि तेथील अनेक वैद्यकीय विद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. देशोदेशीचे डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला येत. त्यांचे चिरंजीवही याच क्षेत्रात डॉक्टर झाले. गरीब रुग्णांकडून ते मोबदल्याची अपेक्षा करत नसत. १९३५ ते १९४१ या काळात ते विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाचे अध्यक्ष होते. ज्या संस्थेतून आनंदीबाई व त्यांच्यानंतर १८९२ साली गुरुबाई करमरकर डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, तीच ही संस्था. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळाले पाहिजे, या विचाराच्या पाठीशी ते उभे राहिले. १९३८ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले. १६ ऑगस्ट १९५८ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, फिलाडेल्फियाजवळच्या आपल्या जुन्या गिरणीच्या घरी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर

जॅक्सन यांची नळी धातूची आणि ताठ होती. १९६० च्या दशकात जपानचे डॉ. शिगेतो इकेदा यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण तयार केली. ती नाकावाटेही घालता येते आणि मोठ्या माणसाला पूर्ण भूल द्यावी लागत नाही, घसा बधिर करून काम होते. त्यामुळे एक नवी गोष्ट शक्य झाली. आजारी नसलेल्या, स्वखुशीने पुढे आलेल्या व्यक्तीच्या फुप्फुसातही थोडे मिठाचे पाणी सोडून ते परत ओढून घ्यायचे आणि त्यातील पेशी तपासायच्या. दमा, क्षय, तंबाखूचे व धुराचे परिणाम, धुळीने होणारे विकार यांचे बरेच ज्ञान असे मिळाले आहे.

१९९४ च्या सप्टेंबरात आपल्या सुरतेने फुप्फुसाच्या प्लेगची भीती पाहिली आहे. शहर कसे रिकामे झाले होते, हे अनेक पालकांना आठवत असेल. फुप्फुसाच्या रोगांचे संशोधन झालेच पाहिजे, हे सुरतकरांना पटवून देण्याची गरज नाही. प्रश्न एवढाच आहे की ते कोणाच्या शरीरावर आणि किती काळजीने करायचे.

रुग्णाला या तपासणीतून स्वतःचा फायदा होतो. संशोधनासाठी आलेल्या माणसाला काहीच फायदा नसतो, तो इतरांसाठी त्रास सोसतो. खोकल्याची उबळ येते, मळमळते, घसा एक-दोन दिवस दुखतो, काहींना रात्री ताप येतो. बहुतेकांचे एवढ्यावरच भागते. परंतु मार्च १९९६ मध्ये अमेरिकेतील रोचेस्टर येथे एका अभ्यासासाठी पुढे आलेल्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीचा अशा तपासणीनंतर दोन दिवसांनी मृत्यू झाला. घसा बधिर करण्याचे लिडोकेन, ज्याला आपल्याकडे लिग्नोकेन म्हणतात, ते तिच्या शरीरात मर्यादेबाहेर गेले होते. हे औषध जास्त झाले तर झटके येतात आणि हृदय बंद पडू शकते. ती मुलगी निरोगी होती आणि केवळ विज्ञानाला मदत करण्यासाठी आली होती.

कोकेनविषयी जॅक्सन यांना जी भीती होती, तीच इथे वेगळ्या नावाने खरी ठरली. त्रास कमी करणाऱ्या औषधानेच घात केला. खोकला थांबावा म्हणून आणखी थोडे, आणखी थोडे औषध टाकत गेले की एकूण किती झाले याचा हिशेब सुटतो. म्हणून आज जबाबदार ठिकाणी व्यक्तीच्या वजनावरून औषधाची कमाल मर्यादा आधीच ठरवतात, दिलेला प्रत्येक भाग लिहून ठेवतात, बोटाला यंत्र लावून रक्तातील ऑक्सिजन पाहतात आणि तपासणीनंतर काही तास त्या व्यक्तीवर लक्ष ठेवतात. घसा बधिर असेपर्यंत खायला-प्यायला देत नाहीत, कारण घास श्वासनळीत जाण्याची भीती असते. आणि फार त्रास होऊ लागला तर थांबतात.

भारतात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा कोणत्याही संशोधनाला नैतिकता समितीची परवानगी लागते. भाग घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत सर्व माहिती द्यावी लागते. कधीही माघार घेण्याचा त्याला हक्क असतो आणि माघार घेतली म्हणून त्याच्या उपचारात फरक करता येत नाही. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागतेच, शिवाय कळत्या वयाच्या मुलाला स्वतःलाही विचारावे लागते.

आपण काय घ्यावे ?

विद्यार्थी मित्रहो, शाळेत छळ सोसलेला एक किरकोळ मुलगा पुढे हजारो मुलांचा आधार झाला. वर्गातील दुबळ्या मुलाला चिडवण्यापूर्वी हे आठवा. आणि कोणतेही काम करताना तुमच्या घाईची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागणार आहे का, हे स्वतःला विचारा.

पालकांनी घरात काही गोष्टी सांभाळाव्यात. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. जेवताना हसवू किंवा पळवू नये. कॉस्टिक, ॲसिड, फिनाइल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. खाताना जोराचा ठसका लागून नंतर मूल शांत झाले, तरी निश्चिंत राहू नये. वस्तू आत गेल्यावर काही काळ काहीच त्रास दिसत नाही, हे जॅक्सन यांनी डॉक्टरांना पुनःपुन्हा शिकवले. तोंडाशी कान नेला असता श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येतो, ही खूणही त्यांनीच दाखवून दिली. असा आवाज, किंवा न थांबणारा खोकला असेल तर मुलाला लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आणखी एक विनंती आहे. आपण गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहतो, बाजारात गुजराती बोलतो, कामावर हिंदी बोलतो. पण रुग्णालयात पुढे केलेला कागद गुजराती किंवा इंग्रजीत असेल आणि तो नीट समजत नसेल, तर नुसती सही करू नका. काय करणार, का करणार, त्रास किती, धोका कोणता, आणि हे उपचारासाठी आहे की संशोधनासाठी, हे आपल्या भाषेत विचारा. विचारण्यात कमीपणा नाही आणि चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. समजून घेऊन होकार द्या, किंवा समजून घेऊन नकार द्या. दोन्ही आपलेच हक्क आहेत. विश्वस्त मंडळींना यानिमित्ताने नम्र सूचना करावीशी वाटते की शाळेत जेव्हा जेव्हा आरोग्य तपासणी किंवा लसीकरण होईल, तेव्हा पालकांकडून घेतले जाणारे संमतीपत्र सोप्या मराठीत छापले जावे.

फुप्फुसाच्या अंधारात दिवा नेणाऱ्या या डॉक्टरांना आपण त्यांच्या हत्यारांसाठी तर आठवूच, पण त्याहून अधिक त्यांच्या हातांच्या संयमासाठी आठवू. आपल्या शाळेतून पुढे जे विद्यार्थी डॉक्टर, परिचारिका किंवा संशोधक होतील, त्यांच्या हातांना असेच वळण लागो, हीच सदिच्छा.

आपला स्नेहांकित,
मुख्याध्यापक